भरावावरचे शहर आणि विम्यातले एक कलम

१/
वाशी, सानपाडा किंवा नेरूळ येथील एखाद्या घराची विमा पॉलिसी उघडली, तर संरक्षित संकटांच्या यादीत ‘जमीन खचणे’ हे शब्द सापडतात. त्याच ओळीपुढे, शेजारच्या रकान्यात, ‘भरावाच्या जमिनीचे बसणे किंवा सरकणे’ वगळल्याचे छापलेले असते. ज्या शहराचा मोठा भाग खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून उभा केला गेला, त्या शहराला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारे हे वाक्य आहे. ते आले कोठून, आणि ज्यांच्या हाती ते दिले त्या सर्व्हेअरांना जमीन वाचायला कोणी का शिकवले नाही, याचा हा धागा.

२/
आधी शब्द पाहावेत. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी लागू केली. भूकंप, पूर, वादळ, दरड, घराखालची जमीन खचणे हे सारे तीत आहे. पूर्वी भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागे. तो प्रश्न मिटला, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु खचण्याच्या कलमापुढचे पाच अपवाद तसेच राहिले : नव्या बांधकामाचे नेहमीचे तडे व बसणे, भरावाच्या जमिनीचे बसणे वा सरकणे, समुद्राने किंवा नदीने केलेली धूप, सदोष आराखडा, कारागिरी वा साहित्य, आणि पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती, खोदकाम. २००१ च्या अखिल भारतीय फायर टॅरिफमधील पॉलिसीतही हेच पाच अपवाद होते.

३/
शेजारी खाडी, खाली भराव, भिंतीला लागून पुनर्विकासाचे खोदकाम, आणि खाऱ्या हवेत गंजणारी सळई. या पाच अपवादांपैकी एकही ज्याला चिकटवता येणार नाही असे घर नवी मुंबईत शोधणे हाच एक उद्योग ठरेल.

४/
ही भाषा मुंबईत घडलेली नाही. ती ब्रिटिश घरविम्याची आहे. तेथे १९७१ च्या सुमारास घरविम्यात जमीन खचण्याचे संरक्षण सामील झाले, आणि पाचच वर्षांत १९७६ चा दुष्काळ आला. लंडन परिसरातील चिकणमाती वाळून आकसली, झाडांच्या मुळांनी उरलेसुरले पाणी ओढून घेतले, उथळ पायांवरची घरे तडकली. विमा कंपन्यांपुढे दाव्यांचा ढीग पडला. कोणता तडा जमिनीचा, कोणता उन्हाचा, कोणता गवंड्याच्या हलगर्जीपणाचा, हे सांगणारी माणसे मात्र पुरेशी नव्हती.

५/
पुढे जे झाले ते या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. तेथील ‘बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट’ने १९८१ मध्ये ठेंगण्या इमारतींच्या नुकसानीचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ०.१ मिलिमीटरच्या आतली रेघ नगण्य, १ मिलिमीटरपर्यंत अगदी किरकोळ, ५ पर्यंत किरकोळ, ५ ते १५ मध्यम, १५ ते २५ गंभीर, त्यापुढे अतिगंभीर. १९९४ मध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संस्थेने खचण्यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. तडा कधी मोजावा, किती महिने मोजावा, झाडाला दोष कधी द्यावा, पाया कधी खणून पाहावा, याची एक शिस्त तयार झाली. कलम कडक राहिले, पण ते लावणाऱ्यास जमिनीचे शिक्षण मिळाले.

६/
भारताने वाक्य आणले. शाळा मागेच राहिली.

७/
विमा कायदा १९३८ चा. त्यात १९६८ च्या दुरुस्तीने ‘६४ यूएम’ हे कलम आले आणि सर्व्हेअरला परवाना लागू लागला. वीस हजार रुपये वा त्याहून मोठ्या दाव्यासाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल आवश्यक झाला. त्याच दुरुस्तीतून टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी उभी राहिली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला. दर आणि शब्द दोन्ही टॅरिफ ठरवी. २००७ मध्ये दर मोकळे झाले. शब्द मात्र तेच राहिले. या साऱ्या कारभारात घराच्या इमारतीकडे पाहण्याचे मुख्य साधन कोणते होते? आगीची पॉलिसी. जमीन खचण्याचे संरक्षण आगीच्या पॉलिसीच्या पोटात वाढले, आणि आगीच्या नजरेनेच पाहिले गेले.

८/
आजही परवान्याचे विभाग असे आहेत : आग, अभियांत्रिकी, मोटर, सागरी माल, जहाज, लॉस ऑफ प्रॉफिट, पीक आणि किरकोळ. उमेदवारीचा बारा महिन्यांचा काळ एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली काढायचा, परीक्षा द्यायची. यात जमिनीची हालचाल हा स्वतंत्र विभाग नाही. ज्याची उमेदवारी जळालेल्या गोदामांत गेली, तोच उद्या खचलेल्या जोत्यापुढे उभा राहतो. आग विझल्यावर राख उरते आणि ती साक्ष देते. जमिनीची साक्ष तीस फूट खाली असते आणि चाळीस वर्षे जुनी असते.

९/
ती साक्ष कोणती, यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईला भराव नवा नाही. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डने वरळीजवळची खिंड बुजवली. बॅकबेचा पहिला डाव १८६५ मध्ये कापसाच्या तेजीबरोबर कोसळला; दुसरा १९२० च्या दशकात असा रखडला की लोकांनी त्याला गव्हर्नर लॉइड यांचा मूर्खपणा म्हटले आणि खुर्शेद नरिमन यांनी त्या कामातील कारभाराचे वाभाडे काढले. १९६० च्या दशकात पुन्हा तेथेच समुद्र भरण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ मासिकातून दुसरा रस्ता सुचवला : समुद्र बुजवू नका, खाडीपलीकडे शहर वसवा.

१०/
समुद्र भरण्याला पर्याय म्हणून जे शहर सुचले, ते प्रत्यक्षात खाडीकाठ भरूनच उभे राहिले. इतिहास अशा गमती करतो.

११/
१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन, एकूण सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. पूर्वेला पारसिकची बसाल्टची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधल्या सखल पट्ट्यात आगरी शेतकऱ्यांची खारबंदिस्ती होती : भरतीचे पाणी अडवणारे मातीचे बांध, त्यांच्या आत खारे भात, त्यांच्यापलीकडे मिठागरे आणि खारफुटी. बांध कुठे फुटतो, उधाणाला पाणी कोठवर चढते, कोणत्या खाजणात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, हे त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. जमीन संपादित झाली. ते ज्ञान संपादित करावे असे कोणाला वाटले नाही.

१२/
सारी जमीन भरतीच्या वर उचलायची तर डोंगरच्या डोंगर रिकामे करावे लागले असते. म्हणून सिडकोने हॉलंडची रीत घेतली : भरतीला रोखणारे बांध, एकेरी उघडणारी दारे आणि पावसाचे पाणी काही तास साठवणारे धारण तलाव. तरीही इमारती व रस्त्यांसाठी मुरूम-दगडाचा भराव टाकावाच लागला, आणि तो पडला मऊ, पाण्याने फुगलेल्या समुद्री चिकणमातीवर. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात या मातीचा थर काही ठिकाणी दहा मीटरहून जाड आहे. डोंगराकडे सरकावे तसा तो पातळ होत नाहीसा होतो. म्हणजे एकाच नोडमध्ये एक इमारत खडकावर आणि दुसरी चिखलावर असू शकते. पॉलिसीत दोघींचा पत्ता एकाच पिनकोडचा असतो.

१३/
आता मुद्द्याचे शास्त्र. ओल्या चिकणमातीवर वजन ठेवले की तिच्यातले पाणी हळूहळू बाहेर पिळले जाते आणि थर दबतो. इस्तंबूलमध्ये शिकवणाऱ्या कार्ल टेर्झागी यांनी या प्रक्रियेचे गणित मांडले. १९२५ च्या त्यांच्या ग्रंथापासून मृदायांत्रिकीचा आरंभ मानला जातो. त्या गणितातली एक गोष्ट प्रत्येक सर्व्हेअरने पाठ करावी अशी आहे : पाण्याला बाहेर पडण्याची वाट दुप्पट झाली की लागणारा काळ चौपट होतो. दोन मीटरच्या वाटेला एक वर्ष लागत असेल, तर आठ मीटरच्या वाटेला सोळा वर्षे. म्हणूनच बंदराच्या आणि विमानतळाच्या कामात मातीत उभ्या निचरा-पट्ट्या खोचतात : वाट लहान करण्यासाठी.

१४/
याचा विम्याशी संबंध सरळ आहे. भराव बसतो हे खरे. पण तो अनंतकाळ सारख्या वेगाने बसत नाही. आरंभी भरभर, मग मंद, मग मोजायला यंत्र लागावे इतका मंद. १९७५ मध्ये टाकलेला भराव २०२५ च्या एका पावसाळ्यात अचानक चार इंच खाली गेला, तर ‘भराव आहे, बसणारच’ हे उत्तर पुरेसे नाही. मध्ये दुसरे काहीतरी घडलेले असण्याची शक्यता मोठी असते : फुटलेल्या जलवाहिनीने बारीक माती वाहून नेली, शेजारच्या खड्ड्यातून महिनोन्‌महिने पाणी उपसले गेले, नाला तुंबून पाणी दुसऱ्या वाटेने घुसले. यातली काही कारणे पॉलिसीत बसतील, काही बसणार नाहीत. खोदकामाचा अपवाद तर आहेच. पण कारण शोधल्याखेरीज ते ठरणार कसे? अपवादाच्या कलमात भरावाला वय दिलेले नाही. हॉर्नबीच्या काळातला भरावही भरावच आणि गेल्या वर्षीचाही भरावच. ही उणीव सर्व्हेअरच्या ज्ञानानेच भरून निघू शकते.

१५/
दुसरी गोष्ट त्याहून सोपी, तरी नजरेतून निसटणारी. नवी मुंबईतील अनेक उंच इमारती पाइलवर, म्हणजे चिकणमातीतून खाली खडकापर्यंत नेलेल्या खांबांवर उभ्या आहेत. तेथे भराव बसतो तेव्हा इमारत बसत नाही, अंगण बसते. जोत्याशी फट पडते, प्रवेशाच्या पायऱ्या मोडतात, पार्किंगची फरशी खोलगट होते, इमारतीतून बाहेर येणारे सांडपाण्याचे नळ जोडापाशी तुटतात. हे भरावाचे खरेखुरे लक्षण. पण अशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बीमला तडा असेल, तर त्याचे खापर भरावावर फोडण्यापूर्वी पाइलचा नकाशा मागवायला हवा. उलट, सिडकोच्या जुन्या ठेंगण्या घरांचा पाया उथळ असेल, तर भराव आणि भिंत यांचे नाते थेट असते. दोन्हींना ‘सेटलमेंट’ हा एकच शब्द लिहिणारा अहवाल पाहणी न केल्यासारखाच आहे.

१६/
तडा स्वतः बरेच बोलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, वर रुंद आणि खाली निमुळता तडा सहसा सांगतो की भिंतीची टोके खाली जात आहेत. खाली रुंद आणि वर निमुळता असेल, तर मधला भाग बसतो आहे. बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत जाणारा, तांबूस डागांचा, गिलावा फुगवणारा तडा जमिनीचा नव्हेच, तो गंजाचा. खाडीकाठच्या क्लोराइडने भरलेल्या हवेत तो हमखास दिसतो. वाशीतील सिडकोच्या जेएन प्रकारच्या इमारतींचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला, त्यात बांधकामाचा दर्जा, गंज आणि जमीन यांची चर्चा एकमेकांत इतकी मिसळली की सामान्य रहिवाशाला कोणते दुखणे कशाचे हे कळेनासे झाले. विमा सर्व्हेअरचे काम नेमके ही गुंतवळ सोडवण्याचे आहे.

१७/
त्यासाठी वेळही हवा. तडा जिवंत की मृत, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे त्यावर काचेची पट्टी सिमेंटने बसवून तारीख लिहिणे. काच तडकली तर हालचाल चालू आहे. भरतीच्या आणि पावसाच्या प्रदेशात एक पावसाळा व एक उन्हाळा पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही. सर्व्हेअरला मात्र अहवालासाठी मिळतात काही दिवस, फार तर काही आठवडे. ही मुदत विमेदाराच्या हितासाठी घातली आहे हे मान्य. पण जमिनीला मुदतीचे परिपत्रक पोचत नाही. प्राथमिक अहवाल वेळेत आणि अंतिम निदान निरीक्षणानंतर, अशी सोय केवळ जमिनीच्या दाव्यांसाठी करायला हवी.

१८/
विमा कंपन्यांची बाजू दुबळी नाही, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. विमा अनपेक्षित घटनेचा असतो. जे होणारच आहे त्याचा नसतो. भराव बसणार हे माहीत असताना त्याची भरपाई द्यायची, तर खडकावरच्या ठाणेकराने दलदलीवरच्या वाशीकराच्या पायाचा खर्च उचलायचा काय? बिल्डरचा हलगर्जीपणा विमा निधीतून का भरावा? हे प्रश्न रास्त आहेत. अपवाद काढून टाका, असे म्हणणे म्हणूनच भाबडेपणाचे.

१९/
पण त्या युक्तिवादाला दोन पाय हवेत आणि एकच आहे. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, हा स्थिर कायदा आहे. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. २०२२ च्या ‘टेक्स्को मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी’ या निकालाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. तळघरातील दुकानाचा विमा उतरवला होता. पॉलिसीत तळघर वगळलेले होते. जागा ठाऊक असताना हप्ता घ्यायचा आणि दावा आल्यावर अपवाद काढायचा, हे न्यायालयाने मानले नाही. करार ज्यासाठी केला तोच नष्ट करणारा अपवाद टिकू शकत नाही.

२०/
भरावावरच्या घराला हा निकाल जसाच्या तसा लागू होतो असे म्हणता येणार नाही. तेथे आग, पूर, भूकंप यांचे संरक्षण उरतेच. पण प्रश्नाचा रोख तोच आहे. वाशी भरावावर आहे हे हप्ता घेताना कंपनीला ठाऊक नसते काय? ठाऊक असेल तर विमेदाराला ते पॉलिसी देताना का सांगितले जात नाही? आणि ठाऊक नसेल, तर दावा आल्यावर ते एकाएकी ठाऊक कसे होते?

२१/
नकाशावर विसंबून चालत नाही, हा धडा महाराष्ट्राने दोनदा घेतला आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरले, तोवर दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. मुंबई-नवी मुंबईही तिसऱ्याच क्षेत्रात आहेत. क्षेत्राचा रंग हप्ता ठरवायला उपयोगी. मऊ मातीचा जाड थर मात्र तोच धक्का खडकापेक्षा वेगळा आणि पुष्कळदा अधिक हलवतो, आणि हे रंगात दिसत नाही.

२२/
मग शिक्षण कोणते? ब्रिटिश पुस्तक मराठीत आणून भागणार नाही. तेथील दुखणे कोरड्या उन्हाळ्याचे आणि झाडाच्या मुळांचे; त्याचे नाते विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीशी अधिक जुळते. त्यांचे तड्यांचे कोष्टक विटांच्या भारवाही भिंतींसाठी आहे. येथील आरसीसी सांगाड्यात भरलेल्या भिंतीला ते आंधळेपणाने लावणे चूक. नवी मुंबईच्या सर्व्हेअरला मान्सून, उधाण, मुरूम आणि क्लोराइड शिकवावे लागेल.

२३/
आणि इतिहास. हा शब्द विम्याच्या अभ्यासक्रमात विचित्र वाटेल, पण पहिला धडा तोच असावा. १९७० पूर्वीचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, गावनकाशे, खारबंदिस्तीच्या रेषा, सिडकोचे सेक्टरनिहाय आराखडे, बोअरचे लॉग, पाइलचे तपशील, महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वार्षिक याद्या. दाव्याच्या जागी जाण्यापूर्वी ती जागा पन्नास वर्षांपूर्वी काय होती, मिठागर, भातखाचर की टेकडीचा पायथा, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे. मुंबईत १९५५ पासून इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, पुण्यात नॅशनल इन्शुरन्स ॲकॅडमी आहे, पवईला आयआयटी आहे. या तीन ठिकाणांमधले अंतर काही तासांचे. परवान्यात जमिनीच्या हालचालीचा स्वतंत्र विभाग उघडावा, त्यासाठी स्थापत्य पदवीबरोबर मृदायांत्रिकीचा वेगळा पेपर आणि क्षेत्रकाम सक्तीचे करावे, यात अशक्य असे काहीही नाही.

२४/
तोवर विमेदाराच्या हाती एक साधन आहे. दावा ‘भराव’ म्हणून नाकारला गेला, तर लेखी विचारावे : भराव कोणत्या वर्षीचा? जाडी किती? पाया उथळ की पाइलचा? तडा कोणत्या तारखांना मोजला आणि किती वाढला? जलवाहिनी आणि शेजारचे खोदकाम पाहिले का? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत, त्याच्या आधारे अपवाद सिद्ध झाला असे म्हणणे ग्राहक आयोगापुढे कठीण जावे.

२५/
भराव थांबलेला नाही. उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळवले, पाणथळ सखल जमीन उचलली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्याभोवती आता घरे उठत आहेत. त्यांच्या पॉलिसींतही तो दुसरा अपवाद त्याच शब्दांत छापलेला आहे.